नोनोचा चहा

लुंगमारच्या टेकडीवरची हवा किती कोरडी आहे हे सांगायला बारा वर्षं एकच साधन होतं, थरचिनची टोपी. याकच्या लोकरीची, कानांवर उतरणारी, आणि मूळचा रंग कोणता यावर त्याचं नि बायकोचं कधीच एकमत न झालेली. पहाटे उठलं की थरचिन कोठीच्या खोलीत शिरायचा, दार लावून घ्यायचा आणि काळोखात ती टोपी डोक्यावरून खसकन ओढायचा. हवा कोरडी असली की केसांत आणि लोकरीत बारीक ठिणग्या तडतडायच्या. सातआठ ठिणग्या म्हणजे बरी हवा. पंधराच्या वर गेल्या की तो बाहेर येऊन जाहीर करायचा, आज आभाळात थेंबभर पाणी नाही. एकही ऐकू आली नाही तर दोन दिवसांत बर्फ. आपल्याच डोक्यावरच्या ठिणग्या आपल्याला दिसत नाहीत, म्हणून तो त्या कानांनी मोजायचा. पहिल्या वर्षी त्याने यांगदोलला डोळ्यांनी मोजायला सोबत नेलं होतं. ती दोन दिवस गेली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, की नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडताना तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, तेवढं पुरे.

हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. टेकडीवर वेधशाळेचं ठाणं होतं. एक लहानशी दुर्बीण, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक तार आणि एक राखणदार. दुर्बिणीवाले बंगळुरूहून यायचे, चार दिवस धापा टाकायचे, आठ दिवस आकाश बघायचे आणि ओठ फुटले की परत जायचे. राखणदार मात्र कायमचा, तो थरचिन. त्याआधी तो खाली चांगथांगच्या माळावर बकऱ्या राखायचा. एका वर्षीच्या बर्फाने निम्म्या बकऱ्या नेल्या, गुडघ्यांनी उरलेल्यांच्या मागे धावायला नकार दिला आणि अजांग थरचिन सव्वाचौदा हजार फुटांवर येऊन बसला. अजांग म्हणजे मामा. गावातल्या सगळ्यांचाच तो मामा होता, त्याच्याहून वयाने मोठे असलेल्या दोघांचासुद्धा.

टेकडी सुटली तर जायला जागा नव्हती असंही नाही. उलट एक जागा फारच तयार होती आणि तिचीच त्याला धास्ती होती. मुलगी लेहमध्ये दिलेली. जावयाचं बारा खोल्यांचं गेस्ट हाऊस. दर फोनला जावई म्हणायचा की अबा-ले, वर एकटे काय बसता, इथे या, चादरी बदलायला घरचंच माणूस हवंय. माणूस फार गोड. पण थरचिनला रात्री स्वप्न पडायचं की तो बारा खोल्यांच्या चोवीस उशांना अभ्रे घालतोय आणि तेरावी खोली उघडतेय. तो दचकून उठायचा आणि टेकडी जागेवर आहे ना ते बघून यायचा.

दुसरी गोष्ट चहाची. लुंगमारात पाहुण्यासमोरचा पेला रिकामा दिसला तर यजमानाला मान खाली घालावी लागते. घोट घेतला की भरायचा, पुन्हा घोट, पुन्हा भरायचा, निदान तीन वेळा, आणि गरमच. हे सगळेच पाळतात, थरचिन मात्र त्यात वाहवत जायचा. तारेच्या खांबावर चढलेल्या माणसाला त्याने दोरीला किटली बांधून वर चहा पाठवला होता. गस्तीवरची लष्कराची तुकडी त्याच्या लोण्याच्या चहामुळे दीड तास उशिरा पोचली आणि तिच्या सुभेदाराने पुढच्या वेळी टेकडीला वळसा घालून जायचा हुकूम काढला. थरचिनला वाटलं, सुभेदाराला मीठ जास्त झालं असावं.

अशा माणसाच्या हाती डॉक्टर ललिता हेगडे यांनी ते यंत्र सोपवलं.

हेगडे मॅडम सिरसीकडच्या. दहा वर्षं टेकडीवर येत होत्या. त्यांनी थरचिनला अवरक्त प्रकाशाचं शास्त्र स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं. जे जे गरम आहे ते एक प्रकारचा उजेड टाकतं, तो डोळ्यांना दिसत नाही, पण तो पकडणारी दुर्बीण असते. थंडगार धुळीच्या ढगात जन्माला येणारे तारे त्याच उजेडात दिसतात. मात्र तो उजेड वरून येता येता हवेतली वाफ गिळून टाकते. म्हणून अशी दुर्बीण ठेवायला आभाळ कोरडंठाक हवं, आणि जागा थंड हवी, कारण जमीन, भिंत, खोली तापवणारी बुखारी, गाडीचं इंजिन सगळंच त्या उजेडात झगमगतं. थरचिनने विचारलं, माणूससुद्धा? मॅडम म्हणाल्या, माणूससुद्धा, तुम्ही म्हणजे चालती बुखारीच. त्यावर त्याने बराच वेळ विचार करून शंका काढली, की बायको नवऱ्यापेक्षा जास्त झगमगते का. चुलीपाशी बसलेल्या यांगदोलने कलथा नुसता खाली ठेवला आणि शास्त्राचा तो तास तिथेच संपला.

आता तसलीच एक मोठी दुर्बीण उभी राहायची होती. दोन टेकड्या शर्यतीत होत्या, एक लुंगमारची आणि दुसरी खूप दूर, दुसऱ्याच देशात. ज्या टेकडीवरचं आभाळ हिवाळाभर कोरडं निघेल तिथे दुर्बीण जाणार, आणि हरलेल्या टेकडीवरचं ठाणं आवरून घेणार. निवाडा टोपीवर सोडणार नव्हते. त्यासाठी ऑक्टोबरात यंत्र आलं आणि ठाण्याबाहेरच्या दगडी ओट्यावर बसलं. कमरेएवढी पांढरी पेटी, माथ्यावर आभाळाकडे तोंड केलेली काच, काचेच्या कडेला वीतभर रुंद पट्टी, आणि पोटावर आकडा. आभाळातलं सगळं पाणी पिळून जमिनीवर पसरलं तर थर किती मिलिमीटरचा होईल, तो हा आकडा. एकाच्या आत असला तर सोनं, तीनच्या वर गेला तर पसारा आवरायचा. आकडे तारेवरून आपसूक बंगळुरूला जायचे.

मॅडमनी जाताना थरचिनला ओट्यावर उभं करून सूचना दिल्या. हात लावायचा नाही. काच पुसायची नाही, फुंकायची नाही, तिच्याकडे वाकून बघायचं नाही. वर कापड घालायचं नाही. पन्नास पावलांत धूर करायचा नाही. थरचिनने सगळं पाठ म्हणून दाखवलं. सकाळी देवासाठी जुनिपरचा धूर करायची त्याची जागा ओट्याच्या शेजारीच होती, ती त्याने तक्रार न करता टेकडीच्या पार खालच्या अंगाला नेली आणि देवाला कारणही सांगितलं. चहाबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पेटीला चहा देऊ नका, असं कुठला शहाणा माणूस बजावून जाईल?

पहिल्याच पहाटे घोटाळा झाला. उणे चोवीस. थरचिन आपला पेला घेऊन बाहेर आला तर ओट्यावर ते एकटंच, उघड्यावर, तोंड वर करून हूं हूं करत उभं. लांबून आलेलं, ओळख ना पाळख, आणि काम आपल्या टेकडीचं करतंय. आपण मात्र त्याच्या डोळ्यांदेखत घुटके घेतोय. थरचिनला चहा गिळवेना. तो आत गेला, चांदीच्या बैठकीचा, सणावाराला निघणारा पेला काढला, लोण्याचा चहा काठोकाठ भरला आणि काचेखालच्या पट्टीवर ठेवला. हात लावला नाही. धूर केला नाही. उणे चोवीसमध्ये चहा किती टिकणार? पाच मिनिटांत थंड झाला, तो ओतून त्याने पुन्हा गरम भरला. मग तिसऱ्यांदा. वाफ काचेवरून भुरभुरत वर गेली. थरचिन समाधानाने आत आला.

त्या दिवशी त्याने यंत्राला ‘नोनो’ म्हटलं, म्हणजे धाकटा भाऊ. आठवड्याभरात मान वाढून ‘नोनो-ले’ झालं.

आणि आकडा बिघडला. रोज पहाटे साडेतीन, चार, एकदा तर पाच. दहा वाजता ऊन चढलं की खाली यायचा, दुपारी पाऊण. बंगळुरूहून दर सोमवारी फोन. मॅडम विचारायच्या, पहाटे ढग होते का? नव्हते. धुकं? या उंचीवर धुकं कुठलं, मॅडम-ले. मग गावातल्या कुणी शेकोटी? कुणी नाही. थरचिन खरंच सांगत होता. जे विचारलं त्याचं उत्तर तो देत होता, आणि चहाचं कुणी विचारत नव्हतं.

इकडे टोपी रोज सोळा-सतरा सांगत होती. नोनो म्हणतो आभाळ ओलं, टोपी म्हणते वाळलेलं. दोघांपैकी एक खोटा, आणि पाहुण्याला खोटं म्हणायचं नसतं. म्हणून थरचिनने टोपीवर संशय घेतला. त्याला आठवलं की मागच्या हिवाळ्यात दसमोछेच्या जत्रेआधी यांगदोलने ती धुतली होती. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यावरून घरात मोठा तंटा झाला. तो म्हणाला की साबणाने टोपीची अक्कल गेली. ती म्हणाली की टोपीतून जे निघालं ते पाण्यात बुडालं नाही, तरंगलंही नाही, चालत गेलं, आणि अक्कल कुणाची गेलीय ते तिला लग्नापासून ठाऊक आहे. तीन दिवस दोघं एकमेकांशी बकऱ्यांच्या मार्फत बोलत होते. बकऱ्या दोनच उरल्या होत्या, त्यांची फार ओढाताण झाली.

मग थरचिनच्या मनाने दुसरीच घेतली. नोनो नाराज आहे. पाहुणा नाराज असला की यजमानाबद्दल वाईट बोलणारच. आपलंच कुठेतरी चुकतंय. त्याने लोणी वाढवलं. आकडा वाढला. त्याने तीनाचे पाच पेले केले. आकडा आणखी वाढला. जानेवारीत संध्याकाळचाही चहा सुरू केला, तेव्हा संध्याकाळचा आकडाही चढला. एवढी सरबराई केल्यावरही नावं ठेवणारा पाहुणा त्याने जन्मात पाहिला नव्हता. तरी त्याने एकही पेला चुकवला नाही.

बंगळुरूला मॅडमही स्वस्थ नव्हत्या. शास्त्रज्ञाला आकडा दिला की त्याला कारण लागतं आणि नसलं तर तो ते घडवतो. मॅडमनी नकाशे पसरले, महिनाभर गणितं केली आणि सिद्ध केलं की गोठलेल्या नदीच्या पात्रावरून पहाटे एक वारा निघतो, बर्फावरची वाफ उचलतो आणि लुंगमारच्या टेकडीवर चढतो. हा शोध त्यांनी परदेशातल्या परिषदेत वाचूनही दाखवला. गावात ही बातमी पोचली तेव्हा लोकांना आनंद झाला. आपल्याकडे स्वतःचा एक वारा आहे हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. दोघातिघांना तो लगेच बाधूही लागला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात समिती येणार होती. मॅडम चार दिवस आधीच वर आल्या. तोंड उतरलेलं. शेवयांच्या थुक्प्याचा वाडगा हातात घेऊन म्हणाल्या, “अजांग-ले, तुमच्यापासून लपवत नाही. टेकडी गेली आपली. पहाटेच्या आकड्यांनी घात केला.”

थरचिनच्या डोळ्यांसमोर चोवीस उशा रांगेने उभ्या राहिल्या. त्याने चाचरत टोपीची साक्ष काढली. मॅडम हसल्या, पण ते हसू आजारी माणसाचं होतं, आणि त्या खरोखरच आजारी पडल्या. विरळ हवा या खेपेला त्यांना बाधली. दोन दिवस डोकं धरून पडून होत्या. घरात आजारी पाहुणी असली की पहिला चहा तिचा, दुसरा तिचा आणि उरलेलाही तिचाच. थरचिन रात्रंदिवस त्यांच्या उशाशी किटली घेऊन बसला, आणि नोनोकडे दोन दिवस जाणं झालं नाही. जाता येता त्याने लांबूनच माफी मागितली.

तिसऱ्या पहाटे मॅडमना बरं वाटलं. त्यांनी अंथरुणातूनच संगणक उघडला आणि ताडकन उठून बसल्या. दोन्ही पहाटांचे आकडे होते शून्य दशांश सहा आणि शून्य दशांश पाच. वारा पडला की काय, असं त्या स्वतःशीच पुटपुटू लागल्या. थरचिनला तेवढ्यात आपली चूक आठवली. दोन दिवस पाहुणा उपाशी. तो धावतच स्वयंपाकघरात गेला, दुप्पट लोण्याचा कढत चहा केला, चांदीच्या बैठकीचा पेला पट्टीवर ठेवला आणि दोन दिवसांच्या अनुशेषाबद्दल हात जोडले.

वाफ वर गेली. काचेला लागली. आणि थरचिनने, कधी नव्हे ते, वाफेकडे बघितलं. वाफ काचेवरून निघून गेली नाही. तिथेच बसली, पांढरी झाली आणि तिची बर्फाची जाळी काचभर पसरली. पोटावरचा आकडा हलला. एक. दोन. तीन दशांश चार.

त्याने पेला उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. नोनो चार महिने आभाळ बघत नव्हता, थरचिनचा चहा बघत होता. थरचिन तिथेच ओट्यावर बसला.

स्वयंपाकघरात येऊन त्याने यांगदोलला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, ती घासायची थांबली नाही. त्याचं म्हणणं असं, की सांगितलं तर मॅडमचं नाक कापलं जाईल, त्यांचा वारा जाईल, आणि आपल्याला आजच्या आज हाकलतील. नाही सांगितलं तर टेकडी जाईल आणि आपल्याला महिन्याभराने हाकलतील. लेह दोन्हीकडून समोर उभं आहे. मग निदान महिनाभर तरी?

यांगदोलने त्याच्याकडे वळून पाहिलं.

“तुम्ही सांगणार की मी सांगू? मी सांगितलं तर टोपी धुतल्याचंही सांगीन, आणि तुम्ही मला काय काय बोललात तेही.”

तो मॅडमसमोर गेला. हातात तो पेला होता. सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून त्याने शेवटाकडून सुरू केली.

“मॅडम-ले, तो वारा नाहीये. तो चहा आहे.”

मॅडमना दोनदा ऐकावं लागलं. किती पेले, असं त्यांनी विचारलं. आधी तीन, मग पाच, मग संध्याकाळी दोन. किती दिवस? पहिल्या दिवसापासून. का? या प्रश्नाचं थरचिनला नवल वाटलं. तो म्हणाला, “काकडत होता.”

मॅडमनी पेल्यात वाकून बघितलं. मग म्हणाल्या की त्या वाऱ्यावर त्यांनी नऊ पानं लिहिली आहेत, आणि त्यातली तीन पानं नुसत्या आभारांची नि संदर्भांची आहेत. मग त्यांना हसू फुटलं, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं हसण्याचं किती आणि रडण्याचं किती हे थरचिनला कळलं नाही. त्यालाही भरून आलं. बाईने दहा वर्षं त्याच्यावर विश्वास टाकला होता आणि त्याने तिच्या पोटच्या पोरासारख्या शोधाला लोणी पाजून मारलं होतं.

समिती आली. पाच माणसं, अध्यक्ष प्राध्यापक चक्रपाणी. बारीक, उंच, मिशीत बर्फ अडकलेला, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत पापणीही न हलवणारा माणूस. मॅडम ‘उपकरणाच्या परिसरात बाह्य आर्द्रतेचा स्रोत’ असं काहीतरी सांगू लागल्या. थरचिन कोपऱ्यात उभा होता. त्याला तेवढी भाषा समजत नव्हती, पण बाई आपल्यावर पांघरूण घालतेय हे समजलं. तो पुढे आला आणि म्हणाला की तो स्रोत म्हणजे मी.

चक्रपाणींनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, सांगितलेलं पुरत नाही, उद्या पहाटे दाखवा.

पहाटे सगळे ओट्यावर जमले. उणे सव्वीस. टोपी एकोणीस म्हणाली होती. पेला आत, किटली आत. सगळे यंत्राभोवती कोंडाळं करून पोटावरच्या आकड्याकडे वाकले.

तीन दशांश दोन.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. एक सदस्य हलकेच म्हणाला की तर मग वारा आहेच. थरचिनने आकड्याकडे बघितलं, मग काचेवर पसरत चाललेल्या बर्फाच्या जाळीकडे, मग काचेवर वाकलेल्या त्या पाच थोर माणसांकडे. प्रत्येकाच्या नाकातोंडातून पांढऱ्या वाफेचे लोट निघत होते. अध्यक्षांच्या मिशीतून तर निरनिराळ्या दिशांनी निघत होते. आत्ता बोललो नाही तर टेकडी गेली, आणि बोललो तर असल्या माणसाला हुसकावल्याचं पाप. त्याने डोळे मिटले आणि बकऱ्या हाकायचा आपला जुना आवाज काढला.

“व्हा बाजूला. साहेब, तुम्हीसुद्धा. तुम्ही पाचजण म्हणजे पाच किटल्या आहात.”

कुणी हललं नाही. मग चक्रपाणी हलले आणि सगळे हलले. थरचिनने त्यांना वाऱ्याच्या खालच्या अंगाला हाकलत नेलं, मागे रेंगाळणाऱ्याला हाताने दाबलं आणि शंभर पावलांवर दगडी बांधाच्या आड दाटीवाटीने बसवलं. एक सदस्य चष्मा पुसायला उठला तर त्याला खांदा धरून खाली बसवलं. काच पुसायची सक्त मनाई होती, म्हणून ऊन येऊन जाळी उडून जाईपर्यंत थांबायचं होतं. सूर्य वर आला. समिती बांधाआड कुडकुडत बसली होती. साडेनऊला मॅडमच्या मांडीवरच्या संगणकात आकडा उतरला. दोन. एक. शून्य दशांश पाच. तिथेच थांबला आणि पुढचा तासभर हलला नाही.

चक्रपाणी उठले. म्हणाले, आता चहा आणा.

थरचिनने आणला आणि पट्टीवर ठेवला. ऊन असूनही आकडा टुणकन वर गेला. पेला काढला, आकडा हळूहळू उतरला. अध्यक्षांनी हे तीन वेळा करायला लावलं. तिसऱ्या वेळी काढलेला पेला त्यांनी थरचिनच्या हातातून घेतला आणि एका दमात रिकामा केला. थरचिनने तो लगेच भरला. पुन्हा रिकामा, पुन्हा भरला.

दुपारी बैठक झाली. दुपारचे आकडे चार महिने चोख होते, ते ग्राह्य धरले. पहाटेचे आणि संध्याकाळचे फेकून दिले, ते पुढच्या हिवाळ्यात नव्याने घ्यायचे ठरले. तोवर दोन्ही टेकड्या शर्यतीत. यंत्र कुणाच्या हाती द्यायचं, हा प्रश्न निघाला. एका सदस्याने सुचवलं की शिकलेला माणूस नेमावा. थरचिन दारात उभा होता, त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

चक्रपाणी म्हणाले, “शिकलेला माणूस नवी चूक करील, आणि ती शोधायला आपल्याला दोन वर्षं लागतील. याची चूक आपल्याला माहीत आहे. शिवाय आज इथे काचेकडे बघणारा हा एकटाच होता.”

पुढचा हिवाळा कोरडा गेला, पहाटेसुद्धा. गेल्या उन्हाळ्यात दुर्बिणीचा पाया खणला. जावयाने चादरींसाठी बाहेरचा माणूस ठेवला. मॅडमनी आपला वारा परत घेतल्याचं अर्ध्या पानाचं पत्र छापलं. गावातल्या त्या दोघातिघांना मात्र तो अजून बाधतो.

नव्या ठाण्याच्या नियमावलीत एक कलम थरचिनच्या नावाने आहे. दुर्बिणीच्या आणि यंत्राच्या शंभर पावलांत गरम पेय आणू नये, याला तिथे थरचिनचा नियम म्हणतात. गावात तो एवढंच सांगतो की मोठ्या साहेबांनी त्याच्या नावाचा नियम केलाय. नियम काय आहे हे विचारणाऱ्याला तो चहा देतो.

त्या नियमापायी एक घोळ झाला. स्वयंपाकघर ऐंशी पावलांवर होतं. ते मोडून उताराच्या खाली नव्याने बांधावं लागलं, दगड न् दगड पाठीवरून नेऊन. यांगदोल आजही पाणी भरताना ऐकवते, की लोकांचे नवरे घर बांधून देतात, यांनी एका पेल्यापायी चूल उचलून खाली नेली.

तो ऐकून घेतो. पहाटे कोठीत टोपी ओढतो, तडतड मोजतो आणि चांदीच्या बैठकीचा पेला भरून उतार चढायला लागतो. दगडी बांधापाशी एक दगड त्याने चुन्याने रंगवला आहे. तिथे तो थांबतो. वर ओट्यावर नोनो आभाळाकडे तोंड करून उभा असतो. थरचिन पेला दोन्ही हातांनी त्याच्या दिशेने उंच धरतो, पाहुण्याला घोट घ्यायला लागेल तेवढा वेळ थांबतो, आणि मग तो चहा स्वतः पितो. नंतर खाली जाऊन पुन्हा भरून आणतो. एकूण तीन वेळा.